साल्सा नोंद: पाणी अखेर आटोक्यात

पाणी थांबलं! चिरलेल्या साल्साचा, म्हणजे टोमॅटोच्या मेक्सिकन कोशिंबीरवजा चटणीचा, वाडगा दोन तास ओट्यावर ठेवला आणि मग तिरका करून पाहिला. तळाशी जेमतेम दोन चमचे रस होता, आणि तोही फोडींबरोबर उचलून खावासा वाटेल असा. आधीच्या नोंदी वाचणाऱ्यांना वाडग्याच्या तळाशी साचणारं ते गुलाबी पाण्याचं तळं चांगलंच ठाऊक आहे. त्यामुळे आज मिरची, कोथिंबीर वगैरे शेवटी थोडक्यात. आधी पाणी.

उजळणी एवढीच, की बोलणं पिको दे गायो पद्धतीच्या कच्च्या साल्साबद्दल चाललं आहे: टोमॅटो, पांढरा कांदा, सेरानो मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. टोमॅटोत सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणीच असतं. चिरल्यावर पेशी फुटतात तेव्हा थोडं पाणी सुटतं आणि मीठ पडलं की उरलेलं बाहेर ओढलं जातं. त्यावर आतापर्यंत दोन उपाय चालू होते. एक, बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकायचा. दोन, मीठ अगदी वाढायच्या वेळी घालायचं. दुसऱ्या उपायाने फार तर दहा मिनिटं मिळतात आणि मीठ फोडींच्या वरवरच राहतं. जिभेला आधी खारट आणि मग सपक लागतं. पहिल्याने वाडगा कोरडा राहतो खरा, पण साल्सा पोकळ लागतो.

तो पोकळ का लागतो याचं कारण पक्कं आहे. टोमॅटोच्या चवीतला भरीवपणा ज्या ग्लुटामेटमुळे येतो, ते बियांभोवतीच्या गरात बाहेरच्या मांसल भागापेक्षा कितीतरी जास्त असतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या जातींच्या टोमॅटोंवर हे मोजून दाखवलं. म्हणजे पाण्याच्या भीतीने आपण जे फेकतो, त्यातच चव बसलेली असते. गर फेकायला सांगणाऱ्या कृती मला आता वाचवतही नाहीत.

मग तोड कशी निघाली? खरी गोम मिठाच्या क्रमात आहे. बिनमिठाच्या टोमॅटोच्या फोडी, बिनमिठाचा कांदा आणि आंबट-खारट रस एकाच वाडग्यात आले, की पातळी सारखी होईपर्यंत पाण्याची ओढाताण चालूच राहते आणि सगळं तळाशी साचतं. ही ओढाताण वाडग्याबाहेर, प्रत्येकाची वेगवेगळी उरकून घ्यायची आणि सगळे शांत झाले की मगच एकत्र आणायचे. एवढंच केलं.

आकडे देते, म्हणजे ताडून पाहता येईल. १ किलो प्लम जातीचे टोमॅटो, तेच लांबट, मांसल, दोन-तीन कप्प्यांचे. उभे चार भाग करून गर आणि बिया बोटाने बारीक जाळीच्या गाळणीत काढल्या. उरलेल्या मांसल भागाच्या सात-आठ मिलिमीटरच्या फोडी भरल्या ७१० ग्रॅम. त्यांना वजनाच्या १ टक्का, म्हणजे ७ ग्रॅम मीठ चोळून पसरट चाळणीत अर्धा तास निथळायला ठेवल्या. खाली ११० ग्रॅम पाणी जमलं. तोवर गाळणीतला गर चमच्याच्या पाठीने रगडून घेतला. १६० ग्रॅम दाटसर, किंचित हिरवट रस निघाला आणि बिया तेवढ्या वर राहिल्या. या रसातही चवीपुरतं मीठ लगेच घातलं, कारण हाही नंतर वाडग्यात जाणार आहे.

१ टक्का मीठ ऐकून दचकू नका. त्यातला बराच भाग पाण्याबरोबर खाली जातो. निथळलेलं पाणी चाखलं तर चांगलंच खारट लागतं आणि फोडी मात्र नेमक्या लागतात. म्हणूनच पुढे कुठेही वरून मीठ घालायचं नाही. आणि मीठ चमच्याने मोजू नका. जाड आणि बारीक मिठाच्या एकाच चमच्याच्या वजनात खूप फरक पडतो. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा या छंदात सुरीइतकाच गरजेचा आहे.

आता त्या खारट पाण्याचं काय करायचं? इथे मला सगळ्यात जास्त आनंद झाला. १२० ग्रॅम पांढरा कांदा बारीक चिरून थंड पाण्यात खळखळून धुतला. चिरल्यावर कांद्यात गंधकाची जी उग्र संयुगं तयार होतात, त्यातली चिरेवरची बरीचशी अशी धुऊन जातात. मग कांदा कोरडा करून पंधरा मिनिटं त्या टोमॅटोच्या पाण्यात बुडवून ठेवला. कांद्याला मीठ लागलं, त्याचंही पाणी सुटायचं ते तिथेच सुटलं, आणि उपसून खाल्ला तर त्यात टोमॅटोची गोडी उतरलेली! याआधी कांदा लिंबाच्या रसात मुरवत होते. तोही बरा लागतो, पण मग सगळ्या साल्सावर लिंबूच स्वार होतं. टोमॅटोच्या पाण्यातला कांदा साल्साचाच वाटतो.

शेवटी फोडी, कांदा, मिरची आणि कोथिंबीर एकत्र करायची. वरून गराचा रस पाच-सहा चमचे आणि लिंबाचा रस दोन चमचे. रस किती घालायचा हे आता आपल्या हातात आहे, आणि मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. चिप्सबरोबर खायचा असेल तर चार चमचे पुरे. भातावर घ्यायचा असेल तर दहाही चालतील. उरलेला गराचा रस मी तसाच पिऊन टाकते. त्यासारखं पेय नाही.

हत्यारांबद्दल दोन शब्द, कारण पाण्याचा निम्मा हिशोब तिथेच ठरतो. बोथट पातं पेशी कापत नाही, चिरडतं. धार लावण्याआधी आणि नंतर त्याच पाटावर चिरून पाहा, पाटावर सांडणाऱ्या रसातला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. दातेरी सुरी सालीत छान शिरते पण आतला भाग फाडते. त्यापेक्षा पातळ, सपाट पात्याची सुरी १००० ग्रिटच्या (मध्यम खरखरीत) धारेच्या दगडावर फिरवून वापरावी. दोरी ओढून फिरवायचे चॉपर तर या कामाला अजिबात नकोत, त्यातून लगदा आणि मोठे तुकडे एकत्रच बाहेर येतात. चाळणी खोल नको, रुंद हवी. खोल चाळणीत खालच्या फोडी वरच्यांच्या भाराने दबतात.

आता मिक्सरमधल्या साल्साकडे. मागे लिहिलं होतं की वाटलेल्या साल्साचे तासाभरात दोन थर होतात, वर लालसर फेसाळ चोथा आणि खाली पिवळट पाणी. फेस हवेमुळे येतो, त्यात गूढ काही नाही. थर पडण्यामागे मात्र टोमॅटोतली विकरं (एन्झाइम) आहेत. टोमॅटो वाटला की पेक्टिन, म्हणजे पेशींच्या भिंतींना बांधून ठेवणारा पदार्थ, तोडणारी विकरं मोकळी होतात आणि रसाला दाटपणा देणारी जाळीच कातरून टाकतात. टोमॅटो पेस्टच्या कारखान्यांत यावर उपाय म्हणून टोमॅटो चिरडताक्षणी सुमारे ९० अंशांवर तापवतात, म्हणजे विकरं निकामी होतात आणि दाटपणा टिकतो. त्याला हॉट ब्रेक म्हणतात. कमी तापमानाला केला तर तो कोल्ड ब्रेक. त्यात रंग आणि ताजा वास जास्त टिकतो पण रस पातळ होतो.

म्हणजे कच्च्या, वाटलेल्या साल्साला दाटपणा आणि ताजेपणा दोन्ही एकाच वेळी आणि टिकाऊ मिळणं अवघडच. तापवला की शिजलेला वास आला, आणि मग तो ताजा साल्सा उरतच नाही. त्यामुळे मिक्सरवरचे प्रयोग मी इथे थांबवते आहे. वाटलेला हवा असेल तेव्हा मोल्काहेतेमध्ये, म्हणजे त्या तीन पायांच्या बसाल्टच्या खलात, मीठ-मिरची आधी रगडून मग टोमॅटो ठेचायचा आणि तिथल्या तिथे संपवायचा. विकरांना त्यांचं काम उरकायला वेळच द्यायचा नाही. मोल्काहेते घेताना जपून, कारण सिमेंटमधून ओतलेलेही खरे म्हणून विकले जातात. एका विक्रेत्याकडून आलेला खल तांदूळ कितीही वेळा रगडले तरी राखाडी भुकटी सोडतच राहिला. तो परत पाठवला. खऱ्या बसाल्टमध्ये काही वेळा तांदूळ रगडले की पीठ पांढरं निघायला लागतं.

पुढच्या खेपेला टोमॅटोच्या जाती बदलून पाहायच्या असं ठरवलं होतं. मोठे, बीफस्टेक प्रकारचे एका बाजूला आणि चेरी दुसऱ्या बाजूला. पण विकरांबद्दल वरचं लिहिताना एक गोष्ट डोक्यात आली आणि बेत बदलतो आहे.

डब्यात मिळणाऱ्या टोमॅटोच्या फोडी इतक्या कडक का राहतात? त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. पेक्टिनवर काम करणारं एक विकर, पेक्टिन मिथाइलएस्टरेज, पेक्टिनच्या साखळीवर मोकळ्या जागा तयार करतं. तिथे कॅल्शियम अडकून दोन साखळ्या एकमेकींना बांधतं आणि पेशीची भिंत घट्ट होते. म्हणजे विकराचं जे काम वाटलेल्या साल्सात घात करतं, तेच फोडींमध्ये कॅल्शियम मिळाल्यास उपयोगी पडू शकतं. आणि माझी उरलेली तक्रार नेमकी तीच आहे: वाडगा पाण्याने भरत नाही, पण दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलेल्या फोडी मऊ पडलेल्या असतात.

तर फोडींना मीठ चोळतानाच त्यात चिमूटभर कॅल्शियम मिसळायचं. कॅल्शियम क्लोराइड कडवट-खारट लागतं, म्हणून कॅल्शियम लॅक्टेटने सुरुवात करेन. त्याची चव बरीच सौम्य असते. लिंबू मात्र निथळून झाल्यावरच, कारण त्यातलं सायट्रिक आम्ल कॅल्शियमला स्वतःकडे बांधून ठेवतं. पुन्हा क्रमच आला! क्लोराइड वापरून पाहणार असाल तर खाण्याच्या प्रतीचंच घ्या आणि ते जलविरहित आहे की पाण्याचे रेणू धरलेलं, हे पाकिटावर तपासा. एका पुरवठादाराच्या पाकिटावर याचा उल्लेखच नाही. पहिल्याच्या ३ ग्रॅममध्ये जेवढं कॅल्शियम मिळतं, तेवढ्यासाठी दुसऱ्याचं साधारण ४ ग्रॅम लागतं. एवढ्या छोट्या मापात हा फरक जिभेला कळतो.

बाकीचं भराभर. मिरचीचा तिखटपणा बियांत नसून ज्या पांढऱ्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात त्यात असतो. सेरानोचा गाभा निम्मा काढला तर वास राहतो आणि जाळ कमी होतो. सेरानो तिखटपणाच्या स्कोव्हिल मापावर साधारण १०,००० ते २३,००० आणि हालापेन्यो २,५०० ते ८,०००, तेव्हा एकीच्या जागी दुसरी तेवढ्याच वजनाने घालू नका. कोथिंबिरीचे कोवळे देठ घ्याच, वास त्यांच्यातही भरपूर असतो. पानं मात्र वाढताना मिसळा. आम्लात राहिली की दुसऱ्या दिवशी मळकट दिसतात.

टोमॅटो चिरेपर्यंत फ्रिजबाहेरच. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की आठवडाभर ५ अंशांवर ठेवलेल्या टोमॅटोंतले सुगंधी घटक घटतात आणि नंतर बाहेर काढूनही पूर्ण परत येत नाहीत. साखर आणि आम्ल तेवढंच राहतं, म्हणून जिभेला फरक लवकर उमगत नाही, नाकाला उमगतो. तयार झालेला साल्सा मात्र फ्रिजमध्येच ठेवायचा आणि दोन-तीन दिवसांत संपवायचा.

बरण्यांत हवाबंद भरून ठेवण्याबद्दल विचारणा झाली होती. या कृतीने अजिबात नको. टोमॅटोचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास असतो, कधी वर कधी खाली, आणि कांदा-मिरची त्याहून कमी आंबट. बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचा, जंतू वाढू शकतो तो ४.६ च्या वरच. अंदाजाने लिंबू पिळून ही सुरक्षितता येत नाही. बरणीसाठी तपासलेली, शिजवायची वेगळी कृतीच हवी.

आता त्याच टोमॅटोंचे दोन वाटे करणार. एकाला नुसतं मीठ, दुसऱ्याला मीठ आणि कॅल्शियम लॅक्टेट, बाकी सगळं सारखं. २४ तासांनी दोन्हीचं निथळलेलं पाणी तोलेन आणि कोणत्या वाट्यात काय आहे हे न सांगता घरच्यांना फोडी चावायला देईन. कोणी लॅक्टेटचं प्रमाण आधीच बसवलेलं असेल तर फोडींच्या वजनाच्या टक्क्यांत कळवा, म्हणजे तिथूनच सुरुवात करते.