गाडी ढेकळावर चढली की लॅपटॉप निळा

शेतात फिरवायला मी बॅटरीवरची छोटी गाडी बनवतोय, लॅपटॉपवरून ब्लूटूथनं चालणारी. मागच्या नोंदीत ती अंगणात फिरली, इथवर लिहिलं होतं. त्यानंतरचे तीन आठवडे गाडीपेक्षा लॅपटॉपमागंच गेले.

मांडणी थोडक्यात: अर्दुइनो उनो (गाडीचा मेंदू असलेला छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (मोटरींना करंट पुरवणारा बोर्ड), चार बीओ मोटरी (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गिअरच्या मोटरी), १८६५० मापाचे दोन लिथियम सेल आणि एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल. लॅपटॉप जुना, त्याचं आतलं ब्लूटूथ गेलेलं, म्हणून यूएसबीत खोचायचं ब्लूटूथचं डोंगल. पायथनची स्क्रिप्ट वेगाचे आकडे पाठवते, गाडी मातीच्या ओलाव्याचे आकडे परत देते. कपाशीच्या दोन ओळींमधून ती एकटी जाऊन यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

जोडणी पहिल्याच झटक्यात झाली. पिन १२३४, विंडोजनं दोन कॉम पोर्ट (आकडे ये-जा करायच्या वाटा) दाखवले, त्यातला आउटगोइंग उघडला, आकडे यायला लागले. मग गाडी वखरलेल्या वावरात नेली. दहा मिनिटांत लॅपटॉपवर निळा पडदा, म्हणजे विंडोज कोलमडल्याची खूण, आणि रीस्टार्ट. त्या दिवशी असं पाच वेळा झालं.

पहिला संशय उन्हावर. दारव्ह्याकडचा मे महिना, दुपारी पारा ४४ वर. म्हणून पहाटे पाचला चालवून पाहिलं, तरी निळा. मग लाईनवर संशय घेतला, कारण आमच्याकडं व्होल्टेजचा भरवसा नाही. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवलं, तरी तेच. रात्रभर मेमटेस्ट लावून रॅम तपासली, एकही चूक निघाली नाही.

धागा सापडला तो भाच्यामुळं. तो गाडीजवळ बसला होता, मी बांधावर लॅपटॉप घेऊन. तो म्हणाला, "मामा, ढेकळावर चढली का थो लाल लाईट जोरात लुकलुकते, मंगच तुमचा लॅपटॉप बंद पडते."

एचसी-०५चा दिवा जोडलेला असताना दर दोनेक सेकंदांनी दोनदा लुकलुकतो. जोडणी तुटली की भराभर लुकलुकतो. मी स्वतः गुडघ्यावर बसून पाहिलं. आमची काळी जमीन, वखरानंतरची ढेकळं मुठीएवढी. चाक अडलं, मोटर घुमली, दिवा क्षणभर विझला आणि भराभर लुकलुकायला लागला. दोन-तीन सेकंदांत बांधावरून लॅपटॉप बंद झाल्याचा आवाज.

मल्टिमीटर लावला. अडलेली मोटर चालत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. सेलचे ७.६ व्होल्ट ६.१ वर आले, आणि एल२९८एनवरच्या रेग्युलेटरचे (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाचे) ५ व्होल्ट ४.१ वर. मीटर संथ असतो, खरी घसरण याहून खोल असणार. उनो आणि ब्लूटूथ दोन्ही त्याच ५ व्होल्टवर होते, म्हणून मॉड्यूल रीसेट होत होतं.

पण जोडणी तुटली म्हणून अख्खा लॅपटॉप का पडावा? फोनवरच्या ब्लूटूथ टर्मिनलनं हाच प्रयोग केला, तर नुसतं 'डिस्कनेक्टेड' आलं. म्हणून मोटरी काढून ठेवल्या, पोर्ट उघडा ठेवला, आकडे पाठवत असतानाच एचसी-०५ची वायर हातानं ओढली. चारपैकी चारही वेळा निळा. विंडोज कोलमडल्याच्या नोंदी ठेवतं त्या मिनीडम्प फोल्डरातल्या फायली ब्लूस्क्रीनव्ह्यू या प्रोग्रॅमात उघडल्या, तर प्रत्येकीत डोंगलसोबत सीडीवर आलेल्या जुन्या ड्रायव्हरचंच, म्हणजे डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचंच नाव. पायथन चुकलं तर पायथन बंद पडतं; ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो, तो चुकला की सगळी यंत्रणा खाली बसते.

तो ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमधून फायलींसकट काढला आणि विंडोजचा स्वतःचा बसू दिला. आता वायर ओढली की पायथन सीरियल एक्सेप्शन, म्हणजे पोर्ट तुटल्याची चूक दाखवतं, बस्स. ती स्क्रिप्टमध्ये पकडून पोर्ट बंद करतो, पाच सेकंद थांबतो, पुन्हा उघडतो.

इथं थांबायचा मोह झाला होता. ड्रायव्हर बदलल्यावर निळा पडदा गेला, पण गाडीचं तुटणं तसंच होतं. म्हणून उनो आणि ब्लूटूथला वेगळे दोन सेल दिले, उनोच्या जॅकमधून. मोटरींचे सेल आता फक्त मोटरींना. दोन्हींचा ग्राउंड मात्र एकत्र जोडलाच पाहिजे, नाहीतर सिग्नलला अर्थच राहत नाही. मोटरींच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्रत्येक मोटरीच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. एचसी-०५च्या आरएक्सला (आकडे घेणाऱ्या पिनला) आधीपासूनच १ आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर आहे, कारण ती पिन ३.३ व्होल्टची.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकदा लॅपटॉप बंद पडला तेव्हा गाडीला शेवटचा हुकूम 'पुढं' असा होता; ती पुढं जात राहिली आणि गोठ्याच्या भिंतीला भिडली. वासरू दोन हातांवर बांधलेलं होतं. त्या रात्रीच गाडीच्या कोडमध्ये मिलिस (अर्दुइनोचं वेळ मोजणारं फंक्शन) वापरून घातलं: ५०० मिलिसेकंदांत नवा हुकूम आला नाही तर चारही मोटरी शून्यावर. ज्यांच्या गाडीत हे नसेल त्यांनी आजच घालावं.

नऊ दिवस झाले, लॅपटॉप एकदाही निळा नाही. ढेकळावर चाक अडतं, पण दिवा आपला दोनदा लुकलुकत राहतो. आता उरला पल्ला: बांधावरून दहा-बारा मीटरवर आकडे गळायला लागतात, आणि आमची ओळ त्याहून बरीच लांब आहे.