ओढा की नाला?

आमच्या सोसायटीच्या मागून जे वाहतं, त्याला सगळे नाला म्हणतात. त्या बाजूच्या खिडक्या आम्ही सहसा उघडत नाही. गेल्या श्रावणात आजी गावाहून आली, गॅलरीत उभी राहिली आणि हरखून म्हणाली, "घरामागं ओढा आहे की गं!"

"नाला आहे तो, आजी."

"मग काठाला करंज कसा आलाय?"

करंज होता खरा. पलीकडे उंबर होता. केबलच्या वायरीवर एक खंड्या बसला होता, पाण्याकडे टक लावून. मी या घरात सात वर्षं राहतेय.

तेव्हापासून या दोन शब्दांनी डोकं खाल्लंय. ओढ्याला पूर येतो, नाला तुंबतो. पूर म्हणजे पाण्याची करणी. तुंबणं म्हणजे कुणाचा तरी हलगर्जीपणा, त्याची तक्रार करता येते. नाला साफ करतात, वळवतात, बंदिस्त करून वर पार्किंग काढतात. ओढ्याबद्दल असं बोलताना जीभ जरा अडखळते. शिवाय मनाचा ओढा असतो, मनाचा नाला कुणी ऐकलाय?

पुण्यातला आंबिल ओढा निदान नावाने तरी ओढा राहिलाय. कात्रजकडून येणाऱ्या या ओढ्याचं पाणी पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी अडवलं, तळं झालं. आज तिथे सारसबाग आहे. पण जुने पुणेकर अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात, म्हणून एखादं पोर विचारतं तरी, तळं कुठंय? याच ओढ्यावरच्या दांडेकर पुलाचं तेवढंही नशीब नाही. तो आमच्यासाठी नुसता बसस्टॉप. पूल आहे तर खाली काय आहे, हे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कळलं. ओढा घरांत शिरला, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसंही गेली.

मुंबईत मिठीचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुठे कित्येकांना समजलं की आपण जिला नाला म्हणत होतो, ती नदी आहे.

आजी गेल्यावर मी ऑनलाइन ऑर्डरच्या पत्त्यात खूण बदलली: 'ओढ्याजवळ'. परवा डिलिव्हरीवाल्या मुलाचा फोन आला. बराच वेळ फिरला असावा बिचारा.

"ताई, ओढा कुठंय? इथं तर नुसता नाला आहे."

"तोच," म्हटलं, "करंजाखाली थांब, आले."