बोट तुमची, भोक मात्र विचारून

"बोट आमची, पैसे आमचे, मग दोन स्क्रू मारायला तुमची परवानगी कशाला?"

शिडाच्या बोटींच्या रेसच्या आदल्या दिवशी बोटी नियमात बसतात का ते तपासायला बसलो की हे कुणीतरी विचारतंच. बहुतेक वेळा वडील. मुलं विचारत नाहीत, ती लावलेल्या टेपवर हात ठेवून उभी असतात. मागे रांग असते, डोक्यावर ऊन असतं, म्हणून मी "नियम आहे" एवढंच म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. म्हणून आज जरा बसून सांगतो.

मी बोलतोय ते लेझरबद्दल, जिला आता इल्का म्हणतात. एका माणसाची, एका शिडाची डिंगी, म्हणजे छोटी होडी. ब्रूस कर्बी या कॅनडातल्या डिझायनरने १९६९ मध्ये फोनवर बोलता बोलता तिचं पहिलं चित्र खरडलं, १९७१ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ती लोकांपुढे आली, आणि आजवर अशा दोन लाखांहून जास्त बोटी बनल्या. लांबी ४.२ मीटरच्या आसपास, मोठं शीड ७.०६ चौरस मीटर. हल (बोटीचं धड) तीच ठेवून लहान शिडं लावली की इल्का ६ आणि इल्का ४.

हिचा नियम आपल्या सवयीच्या उलट चालतो. आपल्याकडे मनाई लिहिलेली नसेल ते चालतं. इथे चालतं म्हणून लिहिलेलं नसेल, तर ते चालत नाही. हलला भोक, जागा बदललेलं क्लीट (दोरी अडकवायची खुंटी), शिडाला वेगळी शिवण, सगळं बाद. मुभा कुठे कुठे आहे ते एकेक करून लिहून ठेवलंय. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, कार्बनचा लावा, पण तो वाकडा नको. होकायंत्र लावा. हलच्या आत हात घालायला झाकण बसवा, भोकाचा व्यास आतून १५३ मिलिमीटरपर्यंत. शॅकलची (जोडकडीची) पिन सुटू नये म्हणून टेप गुंडाळा. (या टेपच्या आडोशाने लोक काय काय करतात, त्यावर वेगळा लेख होईल.)

आपल्या बंदरातल्या कोळ्यांच्या होड्यांचं याच्या अगदी विरुद्ध. तिथे मालक आणि सुतार मिळून हवं तसं करून घेतात आणि त्यातच त्यांचं कसब. जुगाडावर वाढलेल्या माणसाला लेझरचा नियम अपमानासारखा वाटतो. मलाही वाटायचा.

तरुण होतो तेव्हा डॅगरबोर्डची, म्हणजे बोटीच्या मधून पाण्यात सोडायच्या फळीची, मागची कड मी पॉलिशपेपरने घासत बसलो होतो. ओला कागद, रोज संध्याकाळी अर्धा तास. ओरखडे काढून बोर्ड गुळगुळीत करायला परवानगी आहे. मूळ आकार आणि जाडी बदलायला नाही. मला ते माहीत होतं. पण कड जितकी पातळ तितकं पाणी मागून शांत सुटतं, हेही माहीत होतं. तपासणीला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी पट्टी घेतली नाही, काही घेतलं नाही. अंगठा आणि तर्जनीत कड धरून वरून खालपर्यंत हात फिरवला, परत वर आणला, आणि बोर्ड मागच्या भिंतीला टेकवून ठेवला. "दुसरा आणा." उसना मिळाला तो कडेला टवके गेलेला. पहिल्याच रेसमध्ये मागे पडलो तेव्हा दोष द्यायला तो बोर्ड हाताशी होता, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. एरवी लेझरमध्ये ती सोय नसते. पुढे गेलेल्याची बोट तुमच्यासारखीच असते. तो वारा तुमच्याआधी ओळखतो, लाटेवर तुमच्याआधी वजन टाकतो. हे गिळायला जड जातं, पण त्यासाठीच तर लोक ही बोट घेतात.

नियम देवाने दिलेला नाही, तो बदलतो. २००१ पूर्वी शीड ताणायच्या दोऱ्यांना जादा कप्प्या लावायला बंदी होती. दोरीला गाठी मारायला मात्र नव्हती. मग लोकांनी दोरीतच फासे करून, त्यांतून दोरी ओवून कप्पीचं काम काढलं. दोरी दोरीवर घासायची, ओढताना हलकी मुलं रडकुंडीला यायची. शेवटी लेझरच्या संघटनेने कप्प्यांना रीतसर परवानगी दिली. तसंच मास्टच्या (डोलकाठीच्या) वरच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचं. जोराच्या वाऱ्यात तो कायमचा वाकायचा, पैसेवाला नवा घ्यायचा, बाकीचे वाकडा घेऊन रेस करायचे. पुढे कॉम्पोझिटचा (तंतू आणि राळ मिळून केलेला) आला आणि तो त्रास गेला.

म्हणून "एकसारखी बोट म्हणजे स्वस्त खेळ" असं कुणी म्हटलं की मी गप्प बसतो. शीड अधिकृतच हवं. ओळखीचा शिवणारा हुबेहूब तसंच स्वस्तात शिवून देईल, सरावाला लोक वापरतातही, पण रेसला ते चालत नाही. या एका गोष्टीवर माझं आणि नियमाचं अजून जमलेलं नाही.

बंधन फक्त खेळाडूंवर आहे असंही नाही. बोट बनवणाऱ्यालाही ठरलेल्या पुस्तिकेबाहेर जाता येत नाही. २०१९ मध्ये एका मोठ्या उत्पादकाने कारखान्याची पाहणी करू दिली नाही, म्हणून त्याची मान्यता गेली. लेझर या नावाचे हक्क त्याच्याकडे होते. बोटीचं नाव बदललं ते त्या भांडणातून. आणि ऑलिंपिकमध्ये तर स्वतःची बोट नेताच येत नाही. टोकियोत आणि पॅरिसमध्ये आपले विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन उतरले ते आयोजकांनी दिलेल्या बोटींवर, बाकी सगळ्यांसारखेच.

तर ते दोन स्क्रू. परवा ज्या वडिलांनी हे विचारलं, त्यांच्या मुलाचा हात लहान, कनिंगहॅमची (शिडाची पुढची कड खाली ताणायची) दोरी त्याला पोचत नव्हती, म्हणून वडिलांनी डेकवर जादा क्लीट बसवलं होतं. सुबक काम होतं, खाली रबराचा तुकडासुद्धा घातलेला. मी ते काढायला लावलं. वडील डेकवरच्या दोन भोकांकडे बघत म्हणाले, "आणि आता ही बुजवायला कुणाला विचारू?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "दुरुस्ती नियमात बसते."