मोठ्या बाबांचे सहा रविवार

21 एप्रिल 2025, सोमवार, रात्र

घर एकदाचं सुनं झालं. काल या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती, 31 माणसं, 3 कूलर, आणि कूलरमधलं पाणी संपलं की बादली कोण आणणार म्हणून सगळे झोपेचं सोंग घेऊन पडलेले. परवा मी पण निघते. त्याआधी लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा भांडण, की यंदा कोणी काय सोडलं होतं.

सोडलं म्हणजे उपवासकाळात, ईस्टरआधीच्या 40 दिवसांत. तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी रात्री जेवताना आमच्याकडे प्रत्येकानं सांगायचं, ईस्टरपर्यंत मी हे सोडतो. मटण सगळ्यांनाच बंद, ते मोजत नाहीत. आईनं चहातली साखर सोडली, चुलतभावानं रील्स (चार दिवस टिकला), मी चिडणं सोडलं होतं, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. आणि मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, दरवर्षीसारखा खर्रा, तो तंबाखू-सुपारी घोटून केलेला. आता यंदा राखेचा बुधवार 5 मार्चला आला, तिथून परवाच्या शनिवारपर्यंत बोटं मोजली तर 46 दिवस भरतात, 40 नाही, कारण मधले 6 रविवार उपवासात धरतच नाहीत, रविवार पुनरुत्थानाचा. एवढं गणित मोठ्या बाबांना पक्कं पाठ. "रविवार धरतच नाही ना बापा, मंग मी काहून धरू?" म्हणत उपासना सुटली की सरळ पानठेल्यावर. मोठाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणते, देव तुमाले गणितात पास करीन, बाकी सगळ्यात नापास.

शुभ शुक्रवारी 12 ते 3 ची उपासना, वर टिनाचं छत, बाहेर ऊन आग ओकून राहिलं आणि लाईट सव्वाबाराला गेली ती गेलीच. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाचवा, "मला तहान लागली आहे", हा वर्षानुवर्षं मोठ्या बाबांकडे. आमच्या इकडं एप्रिलमध्ये हा समजावून सांगायची गरजच नाही. यंदा ते फक्त विहिरीबद्दल बोलले, लहानपणी ती होळीलाच आटायची, मग आजी लांबून घागर आणायची आणि वाटेत कोणी पाणी मागितलं तर शिव्या देत द्यायची, पण द्यायची. एवढं बोलून बसले. मागे कोणीतरी बाटलीचं झाकण उघडलं, तो आवाज अख्ख्या देवळात ऐकू आला.

शनिवारी दफनभूमीत चुना मारणं पोट्ट्यांकडे, अर्धा चुना कबरीला अर्धा एकमेकांना. अंडी रंगवणं माझ्याकडे. होळीची पळसफुलं वाळवून ठेवली होती, म्हटलं भगवी होतील, झाली खाकी. पोलीस भरती झाली का म्हणे अंड्यांची. शेवटी कांद्याच्या सालपटांनी इज्जत राखली. वहिनी वसईची, कॅथलिक, ती मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेच्या मिठाईची, अंडी घेऊन आली, अंबा एक्सप्रेसमध्ये एसीत ठीक होती म्हणे, बडनेऱ्याहून घरी येईपर्यंत डब्यात एकच मोठं अंडं झालेलं. चमच्यानं खाल्लं. चव एक नंबर.

आणि काल! पहाटे साडेचारला मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत, अंधारात एक जण म्हणतो "प्रभू उठला आहे" आणि सगळे "खरोखर उठला आहे", लहान्या पोट्टीनं झोपेतच "मी पण उठली" म्हटलं. तोवर अंगणात काकांनी पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) मटण चढवलेलंच होतं. ऊन चढायच्या आत जेवण उरकायचं असते म्हणून आमची ईस्टरची पंगत सकाळी नऊला. मटण माणसांचं काम, खसखस, सुकं खोबरं, धने भाजून पाट्यावरच वाटायचं, मिक्सर आणला की काका भांडतात. मांडे बायांचे. नव्या गव्हाचं पीठ, भरपूर मळून आपटून इतकं सैल की परातीत ठरत नाही, ते दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायचं आणि उपड्या तापलेल्या माठावर टाकायचं. आत्याचा मांडा म्हणजे रुमाल. माझ्या पहिल्याला एवढं मोठं भोक पडलं, तो खिडकीवाला मांडा म्हणून घरभर फिरला. मटण न खाणाऱ्या शेजाऱ्यांकडे गव्हाची खीर आणि वडे गेले, 14 तारखेला त्यांच्याकडून बुंदी आली होती ते डबे पण त्यातच परत केले.

आज दुपारी वहिनी बॅग भरत होती तर टीव्हीवर पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी. ती तशीच पलंगावर बसली. मोठे बाबा म्हणे, काल तर सज्जात बसून आशीर्वाद देऊन राहिले होते ना. आम्ही त्यांच्या चर्चचे नाही, पण प्रार्थना मोठ्या बाबांनीच केली, आणि मग तिच्या डब्यात सहा मांडे घातले.

हं, मुख्य गोष्ट राहिली. काल उपवास सुटला तरी मोठे बाबा पानठेल्यावर गेलेच नाहीत. पंगत झाली, झोप झाली, संध्याकाळ झाली, नाही म्हणजे नाहीच. मोठाई घाबरली, कपाळाला हात लावून पाहिला, बीपीची गोळी घेतली का विचारलं, मग स्वतःच पोट्ट्याला दहाची नोट देऊन खर्रा घोटून आणायला पाठवलं. मोठे बाबा हसले, "ठेव तिथं, पाहू" म्हणे.

खर्र्याची पन्नी अजून खिडकीत आहे. मोठाई जाता-येता पाहून राहिली.