फीत कापल्यावर पाच वर्षांनी या, मग बक्षीस द्या

बिफोर-आफ्टर फोटोंचा मला आता वैताग आलाय. डाव्या बाजूला कचरा, कुत्रं, तुटका पत्रा, आणि उजव्या बाजूला वारली पेंटिंग, दोन बाकं, चार कुंड्या. खाली लिहिलेलं, कायापालट. लगेच पन्नास टाळ्या. मी पण टाळ्या देते हो, नाही असं नाही, पण मनात येतंच की त्या कुंड्यांना पाणी कोण घालणार आहे, आणि पुढच्या मे महिन्यात हा फोटो परत कोणी काढणार आहे का.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या नवी मुंबईतल्या नोडमधल्या, म्हणजे उपनगरातल्या, एका मंडळाने यंदा ठरवलं की पाककृती स्पर्धा वगैरे नको, आसपासच्या लोकांनी एकत्र येऊन जागा सुधारल्या असतील त्यांचं कौतुक करायचं, ट्रॉफी आणि थोडे पैसे द्यायचे. आयडिया झकास. परीक्षक म्हणून मला घेतलं, कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त प्रश्न मीच विचारते (शिक्षा म्हणून घेतलं असणार). अर्जाचा फॉर्म बघितला तर त्यात जागेचं नाव, खर्च किती, उद्घाटन कोणाच्या हस्ते आणि फोटो जोडा, एवढंच. मेंटेनन्स कोण करतं याचा रकानाच नाही!

म्हटलं थांबा जरा. ही चूक आपल्यापेक्षा फार मोठ्या लोकांनी करून झालेली आहे.

इंदूरची गोष्ट आहे. नव्वदच्या दशकात तिथल्या झोपडपट्ट्यांमध्ये स्लम नेटवर्किंग नावाचं मोठं काम झालं, ब्रिटिश सरकारची मदत होती, इंजिनियर हिमांशू पारीख यांची कल्पना. वस्ती हलवायची नाही, तिथेच घराघरात संडास, त्यांच्या ड्रेनेज लाइनी शहराच्या मुख्य लाइनीला जोडायच्या, पक्के रस्ते, समाजमंदिरं. कल्पना खरंच हुशार होती. 1993 ला घरं-वस्त्यांच्या कामासाठीचं वर्ल्ड हॅबिटॅट अवॉर्ड मिळालं, 1998 ला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार. आणि नंतर शहर नियोजनातल्याच लोकांनी तिथे जाऊन बघितलं तर लाइनी तुंबलेल्या, कारण संडासला ओतायला पाणीच पुरेसं नाही आणि तुंबलेली लाइन साफ करणं नक्की कोणाचं काम ते कोणाला माहीत नाही. आगा खानवाले तर आंधळेपणाने बक्षीस देत नाहीत, दर तीन वर्षांनी देतात, इमारत वापरात असावी लागते, त्यांची माणसं स्वतः साइटवर जाऊन बघून येतात. तरी असं झालं. तेच इंदूर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे केंद्राच्या शहर-स्वच्छतेच्या क्रमवारीत, सलग पहिलं येत राहिलं, आणि ते रोज सकाळी दारात येणाऱ्या गाडीच्या आणि ओला-सुका वेगळा करायच्या सवयीच्या जोरावर. 2024 च्या सर्वेक्षणात सतत वर राहिलेल्या शहरांच्या सुपर स्वच्छ लीगमध्ये इंदूरच्या बरोबरीने आपली नवी मुंबई पण होती, कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तर निर्मल ग्राम पुरस्कार घ्या. 2003 मध्ये केंद्राने काढला, गाव हागणदारीमुक्त झालं की सरपंचाला दिल्लीत बोलावून सत्कार आणि ग्रामपंचायतीला रोख रक्कम, आपल्या महाराष्ट्राने तर पुरस्कारांची लयलूट केली. मग काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा कळलं की बऱ्याच पुरस्कारप्राप्त गावांमध्ये लोक परत टमरेल घेऊन निघालेत आणि संडासात सरपण भरून ठेवलंय. गावकरी खोटे होते असं अजिबात नाही म्हणणार मी. पुरस्कार हीच शेवटची पायरी ठेवली, ती चढून झाल्यावर वर काहीच नव्हतं, मग काय करणार. त्या मानाने आर. आर. आबांनी 2000 मध्ये सुरू केलेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान मला जास्त आवडतं, कारण त्यात दरवर्षी परत स्पर्धा असायची, श्रमदान असायचं, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चाळण्या लावून समित्या गावात यायच्या. समिती यायच्या आदल्या रात्री झाडू मारणारी गावंही होती म्हणा, आपण सगळे शाळेत इन्स्पेक्टर येण्याआधी तेच करायचो.

तर मी मंडळाला सांगितलं की जागा बघायला आपण न सांगता जायचं, आणि पाऊस पडत असताना. अध्यक्ष म्हणाले, अहो ताई, पावसात कशाला? पावसातच तर कळतं ना काका!

पहिली जागा गावठाणातला तलाव. नवी मुंबईत महापालिकेने तलावांमध्ये दगड भरलेल्या जाळीच्या भिंती घालून विसर्जनाचा कोपरा वेगळा केलाय, गॅबियन म्हणतात त्याला, म्हणजे मूर्ती आणि निर्माल्य त्या भागात राहतं आणि बाकी पाणी वाचतं. ते काम पालिकेचं. पण त्या गावातल्या पोरांनी घाटावर पाळी लावलीय, दर रविवारी दोन घरं. अर्जात त्यांनी लिहिलं होतं फक्त स्वच्छता, फोटो पण धड नव्हता, मोबाइल आडवा धरायचंही सुचलं नव्हतं बहुतेक. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा लांब बांबूला जाळी लावून प्लास्टिक ओढत होते, त्यांना म्हटलं आज रविवार नाही, तर म्हणाले "रविवारची वाट बघितली तं सगला तलावभर व्हतंय." बाजूच्या टपरीवर खिळ्याला वही टांगलेली, कोणाची पाळी चुकली त्याच्या नावापुढे फुली. मला ती वही त्या अख्ख्या स्पर्धेतला सगळ्यात भारी पुरावा वाटली.

दुसरी जागा, एक अभ्यासिका. फोटो कडक, एसी, भिंतीवर एपीजे अब्दुल कलाम. आत सहा मुलं आणि ट्यूबलाइट दोनच चालू. लाइटबिल कोण भरतं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ज्यांनी बांधून दिली त्यांनी बांधून दिली, पुढचं कोणी ठरवलंच नव्हतं.

पुलाखालच्या जागांचं पण तेच. सानपाड्याच्या फ्लायओव्हरखाली केलेल्या खेळायच्या जागेचा व्हिडिओ 2023 मध्ये व्हायरल झाला, आनंद महिंद्रांनी शेअर केला, सगळ्या देशाने वाहवा केली, आणि कल्पना आहेच तशी, पावसात पण खेळता येतं. पण दुसऱ्या शहराला ती उचलायची असेल तर व्हिडिओ बघून काय कळणार? फ्लडलाइट किती वाजता बंद होतात, चावी कोणाकडे, मोठी पोरं लहानांना आणि मुलींना खेळू देतात का, जवळ बाथरूम आहे का, हे कोणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. चांगल्या कामाची दखल घ्यायची ती कशासाठी, दुसऱ्याला करता यावं म्हणूनच ना.

काही कामं तर फोटोत येतच नाहीत. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या तलावाकाठच्या बागेत रोज हजारो लोक वॉक घेतात, पण ते पाणी मुळात होल्डिंग पाँड आहे, भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की शहरातलं पाणी तिथे थांबवायचं, ही नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीवर केलेली सोय. असे पाँड गाळाने भरले आणि त्यात कांदळवन वाढलं की पाणी मावत नाही, आणि कांदळवनाला कोर्टाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. गाळ काढला याचं सेल्फी पॉइंट होत नाही हो. माझं माहेर ठाण्यात, तलावपाळीला लहानपण गेलं, तिथेही संध्याकाळी लोक लाइटिंग बघतात, तळाशी काय चाललंय ते कोण बघतं.

मग माझा हट्ट एवढाच होता की बक्षिसाचे अर्धे पैसे आत्ता द्या आणि अर्धे दोन वर्षांनी, परत न सांगता जाऊन, आणि नाव ट्रस्टचं, नगरसेवकाचं न लावता जो माणूस चावी सांभाळतो त्याचं लावा. यावर मीटिंगमध्ये जाम वादावादी झाली. एक जण म्हणाला दोन वर्षांनी आपलं मंडळ तरी असेल का! मुद्दा बरोबर आहे त्याचा, मंडळाचं पण ऑडिट करावं लागेल. शेवटी पैसे एकदमच द्यायचं ठरलं, मी हरले, पण फॉर्ममध्ये तीन नवीन रकाने आले: महिन्याचा खर्च किती, तो कोण भरतं, आणि काय जमलं नाही. तिसऱ्या रकान्याला सगळ्यात जास्त विरोध झाला, म्हणे लोक स्वतःची कमी कशाला लिहितील. तलाववाल्यांनी लिहिलं. "छटपूजेनंतर दोन दिवस माणसं कमी पडतात, मदत पाहिजे" एवढंच. यंदा छटच्या दुसऱ्या दिवशी कोण कोण येणार ते मला इथे खाली सांगा, हातमोजे मी आणते.