संत्र्यातली मेणबत्ती

२६ डिसेंबर, रात्र

आज कुठं जाऊन बसायला मिळालं. सकाळपासून येणंजाणं चालूच होतं, करंज्यांचे डबे भरून दिले, शेजाऱ्यांचे रिकामे डबे अजून ओट्यावर तसेच पडलेत, उद्या बघू. थंडी मात्र कडाक्याची आहे, मोजे घातले तरी फरशीचा गारवा तळपायाला लागतोच. बैठकीच्या खिडकीतला कूलर आम्ही काढत नाही, त्याच्यावर पोतं टाकून प्लास्टिक बांधतो, तरी फटीतून वारा येतोच. नागपूरची घरं सगळी उन्हाळ्याच्या भीतीनं बांधलेली, उंच छत, मोठ्या खिडक्या, मग डिसेंबरात घरात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी वाजते. २०१८ ला २९ डिसेंबरला इथं पारा ३.५ वर गेला होता, त्या रात्री आम्ही चौघं एकाच खोलीत दोन दोन रजया घेऊन झोपलो होतो ते आठवलं.

मागच्या वर्षी या दिवशी मी स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गला होते, लेकीच्या बाळंतपणाला. डिंकाचे लाडू, सुंठ, ओवा, बाळाची लंगोटं, सगळं घेऊन गेले होते. इथं जो तो विचारतो, बर्फ होता का, थंडी कशी सोसली. खरं सांगू का, बर्फ मी एकच दिवस पाहिला आणि तोही दुपारपर्यंत गेला. पारा चार-पाचच्या आसपास असायचा, वारा मात्र असा की छत्री उलटी करून टाकायचा, पण घरात हीटर, आत आलं की स्वेटर काढून ठेवावा लागायचा. थंडी तिथं दाराबाहेरच राहते. मला जड गेला तो अंधार. सकाळी पावणेनऊपर्यंत सूर्य नाही आणि दुपारी पावणेचारला मावळून मोकळा. बाळाला पाजून, लेकीला जेवू घालून मी खिडकीपाशी येऊन बसायची तोवर बाहेर रात्र झालेली असायची, आणि मग इतका लांब वेळ काढायचा कसा हेच समजायचं नाही.

नाताळ जवळ आला तशी मला आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांची, फार आठवण यायला लागली. अठ्ठावन्न वर्षांत एकही नाताळ मी आपल्या मंडळीबाहेर काढलेला नव्हता. इकडे घरोघरी गाणी म्हणत जायच्या कॅरल फेऱ्या सुरू झाल्या असतील, बायका कोणाच्या तरी अंगणात बसून चकल्या पाडत असतील, बेकरीत केकचे डबे घेऊन नंबर लागला असेल, असं रोज मनात चालायचं. लेकीनं सांगितलं, आई, खालच्या रस्त्यावर चर्च आहे, २४ ला रात्री साडेअकराला वॉचनाइट असते तिथं. मी म्हटलं अगं वॉचनाइट म्हणजे वर्ष संपतानाची रात्रीची उपासना, ती ३१ ला असते, बाळंतिणीला तारखांचं भान राहत नाही. तर नाही, तिथं खरंच नाताळच्या आदल्या रात्रीच्या उपासनेलाच वॉचनाइट म्हणतात. पण बारा दिवसांची ओली बाळंतीण घरात सोडून मध्यरात्री मी कशी जाणार. मग जावयानं चौकशी करून आणली की दुपारी चारला मुलांची उपासना आहे, तिला जा, मी सोडून देतो.

दारापर्यंत सोडून तो परत गेला आणि मी एकटी आत शिरले. दगडी चर्च, जुनं, आत इतकं गार की सगळे कोट घालूनच बसलेले, म्हाताऱ्या माणसांच्या मांडीवर घोंगड्या. मी शेवटच्या बाकावर, भिंतीकडच्या बाजूला बसले. ओळखीचं एक माणूस नाही. सगळे एकमेकांना हाका मारत होते, पोरं धावत होती आणि मी पर्सचा बंद धरून बसलेली. उठून घरी जावं असं मनात आलं होतं, लपवत नाही.

तेवढ्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी ताट घेऊन बाकाबाकानं येत आली आणि तिनं माझ्या हातात एक संत्रं दिलं.

संत्र्याच्या मधोमध एक छोटी पांढरी मेणबत्ती खोचलेली. पोटाभोवती लाल फीत. चारही बाजूंना चार टूथपिक, त्यात मनुके आणि गोळ्या टोचलेल्या. मी ते दोन्ही हातांत धरलं आणि साल गार लागली, आणि कसं सांगू, नाकाला जो वास आला तो थेट आमच्या घराचा होता. दिवाळीपासून नाताळपर्यंत नागपुरात ज्याच्यात्याच्या हाताला येतो तो वास. इतक्या लांब, भर दुपारच्या रात्री, परक्या बाकावर, देवानं माझ्या हातात काय द्यावं तर संत्रं. मला रडूच आलं, आवरेना. शेजारच्या आजींनी काही न विचारता टिशू दिला, मग हळूच विचारलं कुठून आलात, मी म्हटलं नागपूर, भारतात, तिथं संत्री होतात. त्यांनी माझा हात जो धरला तो उपासना संपेपर्यंत सोडला नाही.

याला ते लोक क्रिस्टिंगल म्हणतात. संत्रं म्हणजे पृथ्वी, मेणबत्ती म्हणजे ख्रिस्त, जगाचा प्रकाश, लाल फीत म्हणजे त्याचं रक्त, आणि चार काड्या म्हणजे चार ऋतू आणि जमिनीतून येणारं सगळं अन्न. १७४७ ला जर्मनीतल्या मोराव्हियन नावाच्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत मुलांच्या उपासनेत पहिल्यांदा लाल फीत बांधलेल्या मेणबत्त्या वाटल्या होत्या, संत्रं मागाहून आलं, आणि ब्रिटनमध्ये ही रीत पसरली ती १९६८ नंतर. म्हणजे तसं बघितलं तर त्यांच्यासाठीही नवीनच. दिवे बंद केले, एकमेकांच्या मेणबत्तीवरून मेणबत्ती पेटवत पेटवत उजेड मागच्या बाकापर्यंत आला, माझी आजींनी पेटवून दिली. मग गीत सुरू झालं आणि चाल आमचीच, म्हणजे त्यांचीच, पण मी लहानपणापासून मराठीत म्हणत आलेली. मला इंग्रजी शब्द येत होते पण तोंडातून मराठीच निघाले. दबक्या आवाजात म्हणत होते, आजी कानाशी येऊन म्हणाल्या, मोठ्यानं म्हणा, मला ऐकायचंय. म्हटलं मोठ्यानं.

नंतर मागच्या हॉलमध्ये चहा होता. तिथं आजींनी जे सांगितलं ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. त्या म्हणाल्या, आमच्या लहानपणी नाताळला सुट्टीच नसायची, माझे वडील २५ डिसेंबरला डबा घेऊन कामावर जायचे. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या मंडळीनं नाताळचा सण बंद केला होता, बायबलात तारीख नाही म्हणून, आणि सरकारी सुट्टी मिळाली ती थेट १९५८ ला. मी ऐकतच राहिले. कारण मी हिस्लॉप कॉलेजची, आणि ज्यांच्या नावानं ते कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप याच स्कॉटलंडचे, डन्स गावचे, १८४५ ला नागपुरात आले, शाळा काढली, गोंडांची भाषा आणि गाणी टिपून ठेवली, खडकातले जीवाश्म गोळा केले, आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची पुराणी दगडी वर्तुळं पाहून परतताना घोड्यासकट पुराच्या पाण्यात वाहून गेले. शाळेत मी हे किती वर्षं शिकवलं. पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं की ज्यांनी आमच्या शहरात येशूची गोष्ट आणली त्यांच्या स्वतःच्या घरी नाताळ साजरा करायची रीत नव्हती. मग आमच्या करंज्या, चकल्या, ढोलकीवरची भजनं, दारावरचा कागदी तारा, रात्रभराच्या फेऱ्या, हे सगळं आमच्या आज्या-पणज्यांनी आपल्या हातानं उभं केलं. दिवाळीच्या फराळाचं सामान होतंच घरात. मला त्या बायकांचा इतका अभिमान वाटला त्या हॉलमध्ये उभं राहून. आजींना हिस्लॉपचं नाव माहीत नव्हतं, डन्स मात्र माहीत होतं, तासा-दीड तासावर आहे म्हणाल्या, आणि दोनदा विचारून नाव लिहून घेतलं.

पोरं तोवर संत्री सोलून खाऊन राहिली होती. मी एक साल उचलली आणि पेटत्या मेणबत्तीपाशी धरून चिमटली. आपल्याकडे कोणाला सांगायला नको, सालीतलं तेल उडतं आणि ज्योतीत तडतड ठिणग्या फुटतात. आमचे बाबा कॅरल फेरीच्या रात्री शेवटच्या घराच्या शेकोटीवर हे करून दाखवायचे, गॅसबत्ती बाजूला ठेवलेली, सायकली झाडाला टेकवलेल्या आणि आम्ही पोरं शाली गुंडाळून वाट पाहत बसलेलो. त्या हॉलमधल्या पोरांनी हे पाहिलंच नव्हतं. पाच मिनिटांत माझ्याभोवती पंधरा जण, प्रत्येकाच्या हातात साल.

तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वर्षी आपल्या संडे स्कूलमध्ये हे करायचंच.

यंदा नोव्हेंबरात मीटिंगमध्ये बोलले. एक वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे ज्येष्ठ, म्हणाले, बाई, हे आपल्या मंडळीत कधी झालं नाही, काहून नवीन काढून राहिल्या. मी म्हटलं दादा, आपली मंडळी बनलीच नवीन-जुनं एकत्र करून, १९७० च्या २९ नोव्हेंबरला इथंच नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, कोणाची मेणबत्ती आली, कोणाचं भजन आलं, आता एक संत्रं आलं तर काय बिघडलं, आणि संत्रं तर आपलंच आहे. पाळकसाहेब म्हणाले करा, पण पाण्याच्या बादल्या ठेवा.

आणि मग कळलं की आपलं संत्रं याला बनत नाही! तिथलं संत्रं स्पेनचं, साल गराला घट्ट धरून, मेणबत्ती खोचली की हलत नाही. आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं, म्हणून तर सोलायला सोपं, आणि डिसेंबरच्या शेवटी आंबिया बहाराचा शेवटचा माल, साल फुगून गरापासून सुटलेली. मेणबत्ती लावली की डोलायला लागते आणि मग कलते. तीन रात्री ओट्यावर हेच करत बसले. हे म्हणाले मोसंबी घे, घट्ट असते. मी म्हटलं नागपुरात नाताळ करून मोसंबीत मेणबत्ती लावू? शेवटी हेच सदर बाजारातल्या ठेल्यावर जाऊन एकेक दाबून, जरा हिरवट, कडक अशी पाच डझन निवडून घेऊन आले, ठेलेवाल्याशी थोडी बाचाबाची झाली म्हणे. देठाची बाजू नाही, बुडाची बाजू वर घ्यायची, सुरीनं छोटी फुली मारायची, रुपेरी फॉइलचा चौकोन ठेवायचा आणि अर्धी कापलेली मेणबत्ती फॉइलसकट आत दाबायची, साल मग तिला कॉलरसारखी धरते. फॉइलमुळे मेणही संत्र्यावर सांडत नाही. टूथपिकवर मनुके आणि संत्रा बर्फीचे तुकडे, बर्फी घट्ट असते, टोचली तरी फुटत नाही. २३ ला दुपारी महिला मंडळाच्या सात जणी बसल्या आणि दोन तासांत अठ्ठेचाळीस झाली. उरलेली संत्री बसल्या बसल्या संपली.

परवा संध्याकाळी साडेसहाला केलं. मुलींच्या वेण्या मागं बांधल्या, ओढण्या-मफलर काढून ठेवायला लावले, दोन बादल्या पाणी आणि एक वाळू. सगळे दिवे बंद. तिबेटी बाजारातले नवे स्वेटर घालून पोरं ओळीनं उभी, आणि प्रत्येकाची नजर आपल्या ज्योतीवर अशी खिळलेली की एरवी वचन पाठ म्हणताना इकडेतिकडे बघणारा तो एक मुलगा, त्याच्या पापण्याही हलत नव्हत्या. मेण वितळून फॉइलवर जमत होतं आणि गरम झालेल्या सालीचा वास सगळ्या चर्चमध्ये पसरला. गीत सुरू झालं, तीच चाल, ढोलकीवर. मी लेकीला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल खांबाला टेकवून ठेवला होता, तिच्याकडे दुपारचा एक, नातू मांडीवर, तो स्क्रीनकडे हात करत होता.

उपासना संपली तसं मागच्या ओळीतून तडतड ऐकू आली. कोणी शिकवलं नव्हतं, एका पोरानं साल चिमटली होती. मग दुसऱ्यानं. मी ओरडणार होते कारण स्वेटर जवळ होते, तर बघते ते मीटिंगमधले वडील तिथं वाकून उभे, हात लांब कसा धरायचा ते पोरांना दाखवून राहिले होते, इतकं लांब धर बाळा, आता दाब.

माझ्या निळ्या स्वेटरच्या बाहीवर मेणाचा एक थेंब पडलाय. वास अजून आहे त्याला. सगळे कपडे आज धुवायला टाकले, तो तेवढा नाही टाकला.