अकरा वर्षं उभी असलेली फेरेट

गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या पोटात घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं. अकरा वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. मालक म्हणाले, "बंद केली तेव्हा छान चालत होती." ते खोटं बोलत नव्हते. पण अशी गाडी धावून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त खराब होते, हे मला पुढची दोन वर्षं तिच्याखाली आडवं पडून कळलं.

फेरेट म्हणजे डेमलरने ब्रिटिश सैन्यासाठी बनवलेली चिलखती टेहळणी गाडी. १९५२ ते १९७१ या काळात अशा ४,४०९ गाड्या तयार झाल्या. वजन चार टनांच्या आसपास, मागच्या बाजूला रोल्स रॉइसचं सहा सिलिंडरचं बी-६० पेट्रोल इंजिन. रणगाडा सांभाळणं एकट्यादुकट्याचं काम नाही, फेरेट मात्र दोन माणसांना झेपते. मशीनगनच्या जागी आधीपासूनच लाकडी प्रतिकृती होती आणि कागदपत्रं जागेवर होती, त्यामुळे तिथे वेळ गेला नाही.

इंजिनाचीच मला धास्ती होती, पण त्याने फारसं छळलं नाही. टाकी खरवडून काढली, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं आणि मग हाताने फिरवून पाहिलं. या गाडीत प्लगच्या वायरीसुद्धा धातूच्या जाळीत गुंडाळलेल्या असतात, कारण ठिणगीची खरखर वायरलेसमध्ये उतरून चालत नाही. चोवीस व्होल्टच्या नव्या बॅटऱ्या जोडल्या आणि तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

ब्रेकने मात्र चार महिने खाल्ले. चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर गंजून जाम झाले होते. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तोंडाला चांगला मास्क, ओलं फडकं, आणि हवेचा झोत अजिबात नाही. चाकं काढताना तर मी मोठी चूक करणार होतो. या चाकाचं रिम दोन भागांचं असतं. चाक गाडीला धरून ठेवणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग एकमेकांना धरून ठेवणारे नट वेगळे. मी पाना लावला तो नेमका दुसऱ्या प्रकारच्या नटाला, टायरमध्ये हवा भरलेली असताना. शेजारी एक निवृत्त लष्करी मेकॅनिक उभे होते, मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी माझं मनगटच धरलं. "हा नट सुटला तर रिम तुझ्या तोंडावर येईल," एवढंच म्हणाले. त्याच दुपारी चारही चाकांवरचे ते नट मी लाल रंगाने रंगवून टाकले.

गिअरबॉक्सची गोष्टच निराळी. क्लचप्लेट नाही, ताकद ऑइलने भरलेल्या फ्लायव्हीलमधून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकातून, पुढे जाते. आधी लिव्हरने गिअर निवडून ठेवायचा, मग डावं पेडल दाबून सोडायचं. पेडल सुटलं की आत एक पट्टा त्या गिअरच्या ड्रमला आवळतो. गिअर पाच, आणि दिशा बदलायचा लिव्हर वेगळा असल्यामुळे पाचही गिअर रिव्हर्समध्येसुद्धा मिळतात. पण सवयीने क्लच समजून पेडल अर्धवट दाबलं, तर ते स्प्रिंगच्या सगळ्या जोरानिशी उलटं येतं. माझ्या नडगीवर आलं, आणि तीन आठवडे मी लंगडत होतो. "दाबायचं तर तळापर्यंत दाब, नाहीतर पाय लावू नकोस," काका म्हणाले. इतकी वर्षं उभी राहिल्याने पट्ट्यांची अ‍ॅडजस्टमेंट गेली होती. मग उभ्या गाडीत एकेक गिअर निवडून पेडल पुन्हा पुन्हा मारत बसलो, कारण पट्टे त्यानेच आपोआप जुळत येतात. पहिला गिअर नीट पकडू लागला तेव्हा पायाला ते लगेच जाणवलं. पेडल जड, पण एकसारखं वर आलं.

रस्त्यावर काढली तेव्हा नवाच धडा मिळाला. डिफरन्शियल म्हणजे वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी; फेरेटला ते एकच, मधोमध. प्रत्येक बाजूचं पुढचं आणि मागचं चाक एकमेकांना जखडलेलं. वळणावर पुढच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. मातीवर चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर तो सुटत नाही, शाफ्टमध्ये पीळ साठत जातो. दहाएक किलोमीटरनंतर गाडी ओढल्यासारखी चालू लागली आणि मला वाटलं, ब्रेक पुन्हा धरले. वर झाकणात उभं राहून रस्ता सांगणारा मित्र ओरडला, "कडेच्या गवतात घे!" घेतली. खाडकन आवाज झाला, सगळी गाडी हादरली आणि लगेच मोकळी पळू लागली. तेव्हापासून चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले ठेवतो, कारण व्यासात फरक असला की हा पीळ सरळ रस्त्यावरही चढतो.

आता दर पंधरा दिवसांनी तिला बाहेर काढतोच, पाऊस असला तरी. नुसतं इंजिन जागेवर चालू करून बंद करणं मला पटत नाही. ब्रेक, पट्टे, सील सगळं गरम व्हायला हवं. परवा परत आल्यावर तळाचं निचऱ्याचं बूच उघडलं. थोडं ऑइल आलं, चिमूटभर माती आली. पाणी नव्हतं.